काळ्या पट्टीची फ्लॉपी

रिसाली, ७ मार्च १९९३, रविवार

आज मले इतकी खुशी झाली का कोनाले तरी सांगाले पाह्यजे, अन् घरात सगळे झोपले दुपारचे. म्हनून लिहून राहिली. ही डायरी माह्या पोराले, विजयकुमारले, कारखान्यात भेटली होती. तो म्हने मले काय कराची. मंग मी घेतली. साक्षरता वर्गात मी लिहाले शिकली तो वर्ग हिंदीचा होता, पन अक्षरं तेच, मराठीबी त्याच्यातच निभते. चुका होतीन. मास्तरीन काही तपासाले येनार नाई.

तं खुशी कायची. शेवंता आज आमच्या घरी येऊन कंप्यूटरसमोर बसून गायली.

शेवंता माही मैत्रीन. भंडाऱ्याकडून आमी दोघी एकाच उन्हाळ्यात इकडं आलो, लोखंड गाळाचा कारखाना बांधून राहिले होते तवा. दोघी रेजा म्हनून लागलो, डोक्यावर घमेलं. माहे जानराव गेले त्याले आता पुष्कळ दिवस झाले, तिचाबी घरवाला गेला. दोघींचे गुडघे गेले. पन तिचा आवाज गेला नाई. जात्यावरचे गाने जितके तिले येतेत तितके आमच्या पूर्‍या रिसालीत कोनाले येत नाई, अन् अर्धे तं तिनंच जोडलेले आहेत, घमेलं उचलता उचलता.

माही सून रमा समोरच्या खोलीत टायपिंगचं काम करते. नागपूरवरून जुना कंप्यूटर आनला. त्याच्या पोटात काही राहत नाई म्हने. सकाळी एक फ्लॉपी घालून त्याले जागं करा लागते, अन् जे लिहाचं ते दुसऱ्या फ्लॉपीवर. फ्लॉपी म्हंजे काळी, चपटी, चौकोनी, कडक वाळलेल्या पापडासारखी. वाकली का गेली. रमाच्या मनात आलं का मावशीचे गाने टाइप करून बुद्ध पौर्णिमेले विहारात पुस्तक काढू. लहानच, पन पुस्तक.

शेवंता दारातच थांबली. म्हने, "हे मशीन मले चावन काय वं?"

मी म्हनलं, "तुले काय चावन, तुले पाहून तेच भिऊन राहिलं."

मंग ती बसली, डोळे मिटले अन् सुरू झाली. रमा म्हने, "मावशी, हळू गा ना, माहे बोटं पुरत नाईत."

"हळू गायलं तं जातं थांबते बाई."

हे पाहा, हे गानं मी रमाच्या मशीनवर पाहून उतरवून घेतलं, लिहाचा सराव म्हनून:

भट्टी पेटली माय, आभाळ लाल झालं
तान्ह्याले माह्या वाटे, आज लौकर उजाडलं

मी तिथंच होती त्या दिवशी. तिचं लेकरू खरंच उठून बसलं होतं. मीबी पाह्यलं, पन गानं तिले सुचलं. मले भूक लागली होती एवढंच आठवते.

१४ मार्च, रविवार

आजबी शेवंता आली. दुपारभर गायली. मधात मी एक कडवं म्हनाले गेली तं माह्यावरच उखडली. "तू नोको गाऊ गिरजे, तुह्या गान्यानं दळन जाडं पडते." रमा इतकी हासली का टाइप कराचं राहून गेलं. खरं आहे, मले शब्द कधी टिकत नाईत. पहिली ओळ येते, दुसरीच्या जागी मी गुनगुन करते.

कमलिनीले, माह्या नातीले, शेवंतानं विचारलं, तुले कोनतं आवडलं. ती म्हने, "वो पानीवाला." चौथीत आहे, मराठी घरापुरती. शेवंता म्हने, पुस्तक आलं का तुले हिंदीत समजावून सांगीन, मंग तं रडशील ना?

रमानं सगळे गाने दोन फ्लॉप्यांवर ठेवले. एक खराब झाली तं दुसरी. मले हे लई आवडलं. हुशार आहे माही सून. मी म्हनलं कागदावरबी काढून ठेव, तं म्हने छापाचं मशीन सुपेल्याच्या बाजारात आहे, सगळं झालं का एकदमच काढू.

या वर्षी मूग डाळीचे पापड जास्त करा लागतीन. मागच्या वर्षी उंदरानं नेले.

१९ मार्च

शेवंताले लकवा मारला. सकाळी चूल पेटवता पेटवता पडली. मी दवाखान्यात जाऊन आली. उजवा हात नाई, उजवा पाय नाई, अन् बोलता येत नाई. ऐकू येते. डोळे फिरवते. मी तिच्या उशाशी बसली अन् तिचा पदर सारखा करत राह्यली.

२८ मार्च, रविवार

शेवंताले घरी आनलं. तिची पोरगी शीला तिले चमच्यानं पेज पाजते. डॉक्टरनं सांगतलं, चालन कदाचित, बोलनं कठीन आहे.

मी तिच्याजवळ बसून म्हनलं, "शेवंते, तू काही फिकीर करू नोको. तुहे गाने रमाजवळ आहेत. सगळेच्या सगळे. पौर्णिमेले पुस्तक येईन, मी तुह्या उशाशी बसून वाचून दाखवीन. मले आता वाचता येते." तिनं डाव्या हातानं माहं मनगट धरलं, असं धरलं का बांगडी रुतली. शीला म्हने, "गिरजामावशी, आईनं इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोनाचा हात धरला."

घरी आल्यावर रमाले सांगतलं. रमा उठून जाऊन फ्लॉप्यांचा डबा पाहून आली. आहेत म्हने.

२ एप्रिल

आज भय्याजी आले. विहाराच्या कमिटीचे. त्याइच्या खिशात एक फ्लॉपी, शर्टाच्या खिशातून निम्मी भाईर आलेली, सुपेल्यात कोनाजवळून तरी जयंतीची पत्रिका टाइप करून आनली होती. म्हने, "रमा बेटा, याच्यात दोन नावं राह्यले, घालून दे. दयारामचं नाव नाई टाकलं तं तो मंडपच बांधू देनार नाई."

रमानं घालून देले. भय्याजीनं दोन कप चाय घेतली, अन् तिसऱ्याची वाट पाह्यली. मले आवडते घरात येनंजानं असलं का. जानराव होते तवा आमच्या घरी रोज पंगत.

५ एप्रिल

कंप्यूटर बिघडला. बिघडला म्हंजे चालू होते, पन सुस्त. जसं तापातून उठलेलं मानूस. अन् शेवंताचे गाने उघडत नाईत. नावं दिसतेत, रमा बोट लावून दाखवते, हे पाहा आई, हे भट्टीचं, हे विहिरीचं, हे सवतीचं. पन उघडाले गेलं का नुसत्या आडव्यातिडव्या रेघोट्या. दुसरी फ्लॉपी घातली तं तेच.

रमाचं तोंड पाहून मले भेव वाटलं. ती स्वतःशीच बोलून राहिली होती, "दोन्ही कशा? दोन्ही कशा?" मी पोळ्या केल्या. मले तेवढंच करता येते.

११ एप्रिल, रविवार

आज केवलराम आला. केवलराम आपल्यातलाच, विजयकुमारचा दोस्त, कारखान्यात कंप्यूटरच्या खोलीत बाबू आहे. मशीन पाह्यलं अन् म्हने, "वहिनी, तुमच्या घरी पाहुना आला आहे."

मी म्हनलं, "कोन? मी तं कोनाले पाह्यलं नाई."

तो हासला. म्हने, "मावशी, कीडा आहे. खराखुरा नाई, कोनीतरी टवाळ मानसानं लिहून सोडलेला. फ्लॉपीत बसून गावोगाव फिरते. फ्लॉपी आत राह्यली अन् मशीन जागं झालं, का मशीनच्या आधी हा उठून बसते. मंग त्या दिवशी जी जी फ्लॉपी घालसान, तिच्यात तिच्यात शिरते."

मी म्हनलं, म्हंजे उवा. एकीच्या उशीवर दुसरी झोपली का झालं. तो म्हने, "बराब्बर." मले लई आनंद झाला. कंप्यूटरची गोष्ट मले समजली! कमलिनीले बोलावून सांगतलं, तिले नाई समजली.

भय्याजीच्या फ्लॉपीतून आला म्हनतेत, ती आतच होती अन् मशीन परत चालू केलं तवा. भय्याजीले कायले सांगाचं. मानसाच्या घरी मानसं येतीन तं उवा येतीनच.

पन चांगली गोष्ट ही का गाने मेले नाईत! केवलराम म्हने, किड्यानं फक्त गान्यांचा पत्ता खाल्ला, गाने तिथंच आहेत, जसं घरावरची पाटी काढली म्हनून घर पडत नाई. त्यानं एक फ्लॉपी आनली आहे, नागपूरवरून कोनाजवळून आनवली, ती साफ आहे, अन् तिच्यात किडा माराचं अन् पत्ता जोडाचं औषध आहे. आधी तिनं मशीन जागं कराचं, मंग एकेक गानं जोडाचं. त्यानं बसून एक गानं उघडून दाखवलं. भट्टीचं. रमानं मोठ्यानं वाचलं अन् तिचा आवाज फाटला. मी टाळ्या वाजवल्या. बाकीचे सगळे रमा स्वतः करन, केवलरामची या हप्त्यात शिफ्ट आहे.

त्या फ्लॉपीच्या कडेले एक खाच असते, तिच्यावर त्यानं काळी पट्टी चिपकवली. त्याचं कारन त्यानं रमाले सांगतलं, मी चाय गाळून राहिली होती, अर्धंमुर्धं ऐकलं. पट्टी असली का मंग तिच्यात काही शिरत नाई, तिच्यावर काही लिहाले येत नाई, असं काही. म्हंजे तिले ना कोनाचं घेनं, ना कोनाच्या पंगतीत बसनं. अन् रमाले ताकीद देली, ही वेगळी ठेवा, बाकीच्याइच्यात मिसळू नोका, कोनाले हात लावू देऊ नोका. रमानं ती बिस्किटाच्या रिकाम्या डब्यात ठेवली, एकटीले, कपाटावर, वरच्या फळीले. कमलिनीवर डोळे वटारले, "हात लावला तं पाह्यजो."

मले ते काही बरं वाटलं नाई. पन मी म्हनली, जाऊ दे.

१२ एप्रिल

जाऊ दे म्हनली, पन जात नाई मनातून.

माह्या माहेरी चौकात चायचं दुकान होतं. सगळ्याइचे कप आत फळीवर, उलटे, एकावर एक. आमच्यासाठी एक कप भाईर कोनाड्यात. त्याच्या बुडाले डांबराचा ठिपका, ओळखू यावा म्हनून. माहा बाप चाय पिऊन तो कप आपल्या हातानं धुवे अन् परत तिथंच ठेवे. मी लहान होती, मले वाटे आमचा कप मानाचा, म्हनून त्याले टिक्का लावला, अन् म्हनून एकटा ठेवला. बापाले तसं म्हनलं तं बाप हासला. त्याचं ते हासनं मले अजून आवडत नाई.

मंग आमी दीक्षा घेतली. मंग इकडं आलो. जानराव म्हनत, आपल्या घरात कोनाचा कप वेगळा राहनार नाई, मग तो कोनीबी असो. आमच्या घरी भंगारवाला आला तं त्यालेबी त्याच कपात चाय. रमाले हे माहीत आहे. रमा शिकलेली आहे, तरी तिच्या हातून असं व्हावं. वस्तू का होईना, एकीले ठिपका लावून वर फळीवर बसवून ठेवाचं, हात लावाचा नाई, मिसळाची नाई. हेच शब्द, बरं! याच शब्दाइनं आमाले मोठं केलं. कमलिनीनं हे कावून ऐकाचं?

आज रमा सुपेल्याले गेली होती, कागद आनाले. मी स्टुलावर चढली, गुडघा कुरकुरला, पन चढली. डबा काढला. पट्टीचा गोंद पक्का होता, नखानं निघाली. फ्लॉपी पदरानं पुसली अन् बाकीच्याइच्या रांगेत, मधात उभी केली. नावाची चिठ्ठी राहू देली, नाव तं पाह्यजेच. आता पाह्यलं तं सगळ्या सारख्या. मले लई बरं वाटलं. बिस्किटाचा डबा घासून त्याच्यात सांडगे भरले.

१४ एप्रिल

जय भीम! आज जयंती. विहारात दयारामचाच मंडप, पत्रिकेत नाव आलं म्हनून झालर जास्त लावली. मी निळी साडी नेसली. शेवंताच्या घरी जाऊन तिले वाडग्यात खीर देली. तिनं दोन चमचे खाल्ले. मी म्हनलं, एक गानं निघालं, बाकीचे उद्या रमा काढून राहिली. तिनं डाव्या हाताची चार बोटं अन् अंगठा उघडून दाखवला. मी म्हनलं, पाच? तिनं परत उघडला, परत, परत, परत. म्हंजे पुष्कळ. म्हंजे सगळे आन. मी म्हनलं, सगळे आनते वं, दम धर.

१५ एप्रिल

मले लिहावं वाटत नाई, पन लिहते.

सकाळी लाईन होती तवा रमा बसली. डबा शोधून राहिली होती. मी म्हनलं, ती बाकीच्याइच्यात आहे, एकटी कायले ठेवाची. रमा म्हने, "आई, तुमीबी ना," अन् घेऊन गेली. दोन गाने उघडले म्हनून तिनं आतून आवाज देला, पन ते अजून पक्के कराचे होते. मी म्हनलं कर, कर.

मंग लाईन गेली, पंखाबी थांबला. अर्ध्या घंट्यानं आली. मशीन आपोआप घरघरलं. रमा पानी पेत होती, धावत आली, तवरिक मशीन जागं झालं होतं अन् त्याच्या तोंडात शेवंताची फ्लॉपी तशीच होती. रमानं ती काढली, केवलरामची घातली, अन् पुन्हा कामाले लागली. दुपार झाली. तिनं एक फ्लॉपी केली, मंग दुसरी केली. मशीन म्हने, झालं.

उघडून पाह्यलं तं रिकामं. रेघोट्याबी नाईत. नुसतं पांढरं, जसं सारवलेलं अंगन.

रमा उठली नाई. मी म्हनलं, परत कर. तिनं परत केलं. मी म्हनलं, थोडं थंडं होऊ दे, ऊन लई आहे, मशीनलेबी लागत असन. ती म्हने, "आई, तुमी जाऊन पडा." मी पडली नाई. मी दारात उभी राह्यली. माह्या हातात पोळीचं पीठ होतं ते वाळून गेलं.

१८ एप्रिल, रविवार

केवलराम आला. आपली फ्लॉपी हातात घेऊन उलटीपालटी करून पाह्यली. म्हने, "वहिनी, पट्टी कुठं गेली?"

रमा म्हने, "निघाली असन. ऊन किती आहे, गोंद सुटला असन. माहं लक्षच गेलं नाई."

"पट्टी असती तं तो आत शिरलाच नसता ना. लाईन आली तवा मशीन किड्यानंच जागं केलं. त्याच्यात ही उघडी गेली. मंग औषधातच किडा. तुमी जोडत गेले अन् तो पुसत गेला."

"आता?"

केवलरामनं फ्लॉपी टेबलावर ठेवली. मंग म्हने, "मशीन साफ होऊन जाईन. नवीन फ्लॉपी आनू, ते काही नाई." रमा म्हने, "मशीनचं नाई विचारून राहिली मी." तो म्हने, "गाने नाई येत आता वहिनी. एकावर दुसरं लिहलं गेलं. खालचं निघत नाई."

मी चाय घेऊन आली होती. मी म्हनलं, "उन्हानं कायले? पट्टी तं मीच—"

"आई," रमा म्हने, "दूध पाहा, उतू चाललं."

दूध नव्हतंच गॅसवर. मी जाऊन पाहून आली अन् सांगतलं, गॅस बंद आहे वं. तं रमा केवलरामले म्हनून राहिली होती, "उन्हानंच निघाली भाऊ. माही चूक, मी पाहाले पाह्यजे होतं." मी परत म्हनाले गेली का अरे बाबा मी काढली, नखानं, लई पक्की होती, पन तिनं मले बोलूच देलं नाई. माहा हात धरून मले बाजूले बसवलं. केवलरामनं माह्याकडं पाह्यलं, रमाकडं पाह्यलं. चाय न घेताच गेला. शिफ्ट असन.

जेवताना रमानं पहिली पोळी माह्या ताटात वाढली. रोज कमलिनीले वाढते. स्वतः जेवली नाई. मी म्हनलं, कावून? म्हने, भूक नाई. गुनाची आहे पोरगी.

भट्टीचं गानं तेवढं राह्यलं. रमाले पाठ झालं होतं, अन् माह्या इथं आहेच.

२१ एप्रिल

आज दुपारी पडल्या पडल्या एक गोष्ट मनात येऊन गेली. केवलराम म्हने, पट्टी असती तं. तेच कानात बसलं आहे.

पन एक पट्टी काढल्यानं असं कसं होईन? वेगळं ठेवल्यानं जीव वाचते अन् संग बसवल्यानं जाते, असं कधी होते काय? तसं असन तं मंग माह्या बापानं, जानरावनं, आमी सगळ्याइनं

नाई. तसं नाई होत. लाईन गेली म्हनून झालं.

२ मे, रविवार

पौर्णिमा चार दिवसांवर आली. भय्याजी विचारून गेले, पुस्तक छापून झालं काय, कार्यक्रमात वेळ ठेवला आहे. रमानं सांगतलं, या वर्षी नाई जमत. ते म्हने, "अरे, मशीन आहे ना तुमच्याजवळ!" रमा आत निघून गेली. मीच त्याइले बसवलं. चाय केली. त्याइले बिचाऱ्याले काही माहीत नाई.

रमा मले म्हने, "आई, मावशीले सांगू नोका. काय करतीन त्या सांगून." मी म्हनलं, बरं.

पन मले एक युक्ती सुचली, अन् मले वाटलं ही रमाले सुचली नाई ते नवलच. गाने मशीनमधून गेले, पन शेवंताच्या डोक्यात तं आहेत ना! तिले बोलता येत नाई, पन ऐकू येते. मी गाईन. चुकली तं ती हातानं सांगन. असं करत करत सगळे जमून जातीन. मी लिहून घेईन, आता मले लिहता येते. उन्हात छत्री घेऊन निघाली, इतकी खुश का रस्त्यात दोघीतिघींले सांगतलं, शेवंताकडं चालली, गान्यासाठी.

शीलानं चटई टाकली. शेवंता उशीले टेकून बसली होती, केस विंचरलेले. मले पाहून तिचा डावा हात उठला, पाच बोटं, अन् मंग तळहात उलटा करून माह्या पिशवीकडं. शीला म्हने, "पुस्तक मागून राहिली मावशी."

मी म्हनलं, "आनते, आनते. पह्यले माह्यासंग गा."

अन् मी सुरू केलं. विहिरीचं, कमलिनीले आवडे ते.

आड खनला बाई, सासऱ्यानं वेशीपाशी

अन् पुढं मले काही आठवेना. मी शेवंताकडं पाह्यलं. "पुढचं काय वं?"

ती पाहून राहिली.

"वेशीपाशी... मंग पानी लागलं, का पानी कोनी पेलं? तू मान हालव. लागलं?"

तिनं मान हालवली नाई. पिशवीकडं पाह्यलं. मंग माह्याकडं. मी दुसरं घेतलं, सवतीचं, त्याची तं पहिली ओळच अर्धी. मंग तिसरं. मी म्हनलं, "शेवंते, असं काय करते, थोडी मदत कर ना, मी लिहून घेते, मंग रमा टाइप करन." शीला पाठीमागं उभी होती, ती एकदम म्हने, "मावशी, रमावहिनीजवळ होते ना सगळे?"

मी गातच राह्यली, कावून का थांबली तं बोला लागलं असतं. जे आठवलं ते शेवंताचं, जिथं नाई आठवलं तिथं मी आपलं जोडत गेली, पान्यासंग रानी, सोन्यासंग लोनी, जे तोंडात आलं ते. चाल बराब्बर होती. चाल मी सोडली नाई.

शेवंताच्या डोळ्यातून पानी आलं. उजव्या गालावर आलं ते तिले समजलंच नाई, तिथून खाली लुगड्यावर पडलं. मी म्हनलं, पाह्य, आठवून राहिलं ना तुले, अन् आनखी मोठ्यानं म्हनाले लागली.

तवा तिनं डावा हात उचलला अन् माह्या तोंडावर ठेवला.

मारला नाई. ठेवला, पूर्ण तळवा, ओठावर. लई गरम होता. मले वाटलं आता काढन, मंग काढन. मी त्याच्याखालूनच म्हनलं, "मी काय करू वं आता?" तिनं अजून दाबला.

मंग मी गायचं बंद केलं. तरी तिनं हात काढला नाई, अन् मीबी तो बाजूले केला नाई.